वाटेवरचा डाव

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, कारण ही गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. गोष्ट पत्त्यांची आहे. लगेच नाकं मुरडू नका. देव काय फक्त भजनातच भेटतो? जिथं माणूस माणसाला चुकतो, तिथं तो आधीच जाऊन उभा असतो, फक्त आपलं लक्ष पत्त्यांत असतं. तेव्हा ऐका. शेवटी तुमच्या पदरात काहीतरी टाकल्याशिवाय उठवणार नाही.

एक होते मास्तर. शाळेतले नव्हेत. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळ जिथं संपतो आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्या एकमेकींत घुसवून ठेवलेल्या असतात, तिथं त्यांची व्यायामाची खोली होती. झटका येऊन ज्याचा हात किंवा पाय लुळा पडला, त्याला तो हात, तो पाय पहिल्यापासून शिकवायचा, हे त्यांचं काम. लहान मूल पाटीवर गिरवतं तशी मोठमोठी माणसं त्यांच्यासमोर बसून गिरवायची. चेंडू दाब, सोड. टोपलीतला कपड्यांचा चिमटा उचल, तारेला लाव. या भोकातली खुंटी काढ, त्या भोकात घाल. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

आणि मास्तर म्हणजे लोणी. एखाद्या आजोबांना चिमटा उचलायला युग लागलं तरी यांच्या कपाळाला आठी नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "घाई नाही. सावकाश. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" हे "घाई नाही" त्यांचं ठरलेलं. नातेवाईक येऊन सांगायचे, "मास्तर, बाबा घरी कप उचलतानासुद्धा पुटपुटतात, घाई नाही, घाई नाही." मास्तरांना बरं वाटायचं. वाटणारच. आपल्या चांगुलपणाची पावती कुणाला नको असते?

पण प्रत्येक घरात एक अडगळीची खोली असते, पाहुणा आला की जिचं दार ओढून घेतात. मास्तरांची ती खोली खिशात मावायची. जेवणाच्या सुट्टीत ते प्लास्टर घालायच्या खोलीत जाऊन बसायचे, डबा उघडायचे, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर पोकर. पैशाचा नव्हे, चकत्या फुकटच्या, आज हरल्या तर उद्या पुन्हा मिळणाऱ्या. तेव्हा इथं कुणी घरदार विकलं नाही, कुणी बायकोचे दागिने मोडले नाहीत. गेलं ते वेगळंच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येकाला दोन पत्ते, झाकलेले. मधे पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचे पाच सरस, त्याचा डाव. दर टप्प्याला चकत्या लावायच्या, नाहीतर पत्ते टाकून बाजूला व्हायचं. पाचही पत्ते एकाच जातीचे जमले, सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक, की तो झाला फ्लश, आणि तो भारी. आता समजा चार बदाम जमलेत आणि पाचव्याकडे डोळे लागलेत. हातात अजून काही नाही, पण येऊ शकतं. खेळणारे त्याला ड्रॉ म्हणतात. मास्तरांनी त्याला आपलं नाव दिलं होतं, वाटेवरचा डाव. आलेल्या पत्त्यांपेक्षा या न आलेल्या पत्त्यांतच त्यांचा जीव अडकायचा.

खरा ताठा मात्र पत्त्यांचा नव्हता. माणसं वाचण्याचा होता. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही. दिसतं एक गोल चित्र, खाली टोपणनाव, आणि चित्राभोवती हिरवी कड. पाळी आली की ती कड वितळायला लागते. संपायच्या आत बटण दाबलं नाही तर पत्ते आपोआप फेकले जातात. मास्तर त्या कडेवरून माणूस ओळखायचे. झटकन चकत्या भरल्या? याचा डाव वाटेवर आहे, भरायचं हे आधीच ठरवून बसलाय. थोडं थांबून हळूच भरल्या? फुटकळ जोडी, मन कचरतंय. बराच वेळ गप्प बसून एकदम मोठी बोली? घात आहे, पळा. या विद्येच्या जोरावर त्यांनी स्वतःला टोपणनाव घेतलं होतं: नाडीवैद्य.

आता त्या व्यायामाच्या खोलीत परत चला, कारण तिथं एक नवे काका आलेत. बेकरीवाले. जन्मभर पहाटे उठून पीठ मळलेलं, मनगटं खांबासारखी. एका सकाळी भट्टीपुढंच कोसळले आणि उजवा हात गेला. जीभही जरा जड झाली होती, पण बोथट नव्हती.

"मास्तर," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "जन्मभर कणकेचे गोळे केले, आता देवानं हाताचाच गोळा केलाय. मुरायला ठेवलाय म्हणतो."

बरोबर त्यांची लेक होती. बेकरी आता तीच बघत होती. ती म्हणाली, "बाबा, मास्तरांना काय सांगायचं ते सरळ सांगा ना."

"सरळच विचारतो. हा हात पुन्हा पीठ मळेल का? खोटं सांगायचं असेल तर हिला सांगा, हिला गोड चालतं. मला खरं सांगा."

मास्तरांनी तो जड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा उचलून पाहिला, बोटं उलगडून पाहिली. म्हणाले, "काका, हात गेलेला नाही. वाटेवर आहे. पण हे सुरुवातीचे महिने सोन्याचे. आता जेवढा वापराल तेवढा परत येईल. सगळं डाव्यानं करायची सवय लागली की उजवा रुसतो, आणि एकदा रुसला की मग ब्रह्मदेव आला तरी हलत नाही. फोन वापरता ना? मग उजव्या अंगठ्यानंच वापरायचा. खेळा त्याच्यावर काहीतरी, कॅरम, पत्ते, काय आवडेल ते. बटण दाबायला वेळ लागला तर लागू दे. घाई नाही."

काकांना ते "घाई नाही" फार आवडलं. दर खेपेला आले की दारातूनच म्हणायचे, "आलो हो, घाई नाहीवाले!" त्यांचा अंगठा आधी पहिल्या बोटाला टेकला. मग दुसऱ्या बोटाच्या टोकाजवळ घुटमळायला लागला. मास्तर विचारायचे, "खेळता ना फोनवर?" काका म्हणायचे, "खेळतो तर. रोज दुपारी. भट्टी थंड झाली की दुकानामागच्या बाकावर बसतो." काय खेळता, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. एवढं एक विचारायचं राहून गेलं.

त्याच सुमाराला फोनवरच्या दुपारच्या टेबलावर एक नवा खेळाडू आला. टोपणनाव खरपूस.

तुम्हाला कळलं. तुमच्या तोंडावर दिसतंय. मास्तरांना नाही कळलं. दिवसभर ज्या हातांची चाल मोजायची, तीच चाल फोनच्या काचेवर आली तर ओळखू आली नाही. कारण खोलीत ते पेशंट बघत होते आणि काचेवर बघत होते गिऱ्हाईक.

खरपूसनं मास्तरांची सगळी विद्या उधळून लावली. हा माणूस प्रत्येक वेळी थांबायचा. चांगले पत्ते असोत, वाईट असोत, कड अगदी संपत आली की कुठं बटण दाबलं जायचं. एकदा मास्तर इस्पिकचा फ्लश होईल म्हणून शेवटच्या पत्त्यापर्यंत गेले, इस्पिक काही आलं नाही. तरी समोरचा घुटमळतोय, म्हणजे भेदरलाय, असं वाचून त्यांनी हातात काही नसताना मोठी बोली लावून थाप मारली. कड वितळत वितळत नखाएवढी उरली आणि खरपूसनं चकत्या भरल्या. त्याच्याकडे तीन राण्या! टेबलावर सुसाट नावाचा एक वाह्यात होता, नेहमी आरडाओरडा करणारा. त्यानं लिहिलं, "वैद्यबुवा, नाडी चुकली का हो?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खाली खरपूसला लिहिलं, "जागे आहात ना?"

दुसऱ्या दिवशी लिहिलं, "कासव बरं, ते निदान पोहोचतं." सुसाट हसला. हसणारा एक जरी मिळाला की माणसाला आपली जीभ आवरत नाही. मग रोजचंच झालं. पत्ते पडले की मास्तरांचा टोमणा तयार. मोठ्या ऐटीत ते त्या गोल चित्राला "काका" म्हणायला लागले. "काका, उशी देऊ का?" "काका, तुमची पाळी आली, घरच्यांना विचारून घ्या."

प्लास्टरच्या खोलीत फरशी पुसायला मावशी यायची. वॉर्डातली सगळ्यात जुनी, डॉक्टरांनासुद्धा पाय वर घ्यायला लावणारी. एकदा पुसता पुसता तिनं मास्तरांच्या खांद्यावरून वाचलं.

"अगंबाई! मास्तर, तोंडात साखर नि बोटांत मिरची? हे तुम्हीच लिहिलंत?"

"खेळ आहे गं मावशी. चालतं तिथं. समोर कुणी नसतं."

"कुणी नसतं तर लिहिता कुणाला?" म्हणाली आणि बादली उचलून गेली.

मास्तर हसले. मावशीचं काय, तिला फोन म्हणजे हॅलो एवढंच ठाऊक. असं म्हणून त्यांनी पुढचे पत्ते उचलले.

आणि मग तो डाव झाला.

मास्तरांकडे किलवरची नव्वी आणि अठ्ठी. मधे तीन पत्ते पडले, बदाम गुलाम, इस्पिक दश्शी, बदाम तिर्री. आठ, नऊ, दहा, गुलाम असे चार ओळीनं जमले. सत्ती किंवा राणी आली की पाच पत्त्यांची साखळी पुरी. मास्तरांचा डाव वाटेवर. चौथा पत्ता चौकट पंजी, निरुपयोगी. खरपूस प्रत्येक टप्प्याला सावकाश चकत्या भरत मागून येतच होता. बाकीचे सगळे बाजूला झाले. मधे चकत्यांचा हा ढीग. शेवटचा पत्ता पडला: बदाम राजा.

मास्तरांची साखळी तुटली ती तुटलीच. हातात काहीच उरलं नाही. पहिली पाळी खरपूसची होती. त्याची कड वितळली, पार संपली, पण अजून कुणी बोली लावली नव्हती म्हणून पत्ते फेकले गेले नाहीत, पाळी नुसतीच पुढं ढकलली गेली. मास्तरांनी वाचलं: हा बदामांची वाट बघत होता असं धरलं तर आता तिसरा बदाम पडलाय, माणूस उडी मारेल. हा गप्प. म्हणजे याच्याकडे नाही. त्यांनी आपल्यासमोरच्या सगळ्या, सगळ्या चकत्या पुढं लोटल्या. निव्वळ थाप.

हिरवी कड पुन्हा वितळायला लागली. अर्धी झाली. पाव झाली. केसाएवढी झाली. आणि संपली. खरपूसचे पत्ते फेकले गेले, बाजूला अक्षरं आली, "वेळ संपली". ढीग सरसरत मास्तरांकडे आला.

जिंकल्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. मास्तरांनी आपली नव्वी-अठ्ठी मुद्दाम उघडी करून दाखवली, बघा, काही नव्हतं माझ्याकडे! सुसाट खिदळला. तेवढ्यात खरपूसच्या नावापुढं पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. एकच अक्षर.

"थां"

मास्तरांनी लिहिलं, "पुढचं अक्षर उद्या येणार का काका? बोटांना गंज चढलाय. ज्याचे हात चालत नाहीत त्यानं पत्ते धरू नयेत."

सुट्टी संपली. मास्तरांनी डबा विसळला, हात पुसले आणि खोलीत जाऊन एका बाईंना म्हणाले, "घाई नाही हं ताई. सावकाश."

पुढच्या खेपेला बेकरीवाले काका आले ते दारातून काही न बोलता. उजवा हात कोटाच्या खिशात. लेकीचं तोंड उतरलेलं.

"मास्तर, हे ऐकतच नाहीत. जेवण डाव्यानं, दाढी डाव्यानं. फोन तर कपाटावर टाकून दिलाय. हात बाहेर काढा म्हटलं की भांडतात."

"तू जरा बाहेर बस," काका तिला म्हणाले. ती गेली.

मास्तरांनी तो हात खिशातून हळूच काढला, मांडीवर ठेवला. बोटं पुन्हा मुठीकडे वळली होती. "अंगठा दुसऱ्या बोटाकडे न्या बघू. घाई नाही." अंगठा जागचा हलला नाही. न हलण्यात आणि न हलवण्यात फरक असतो, आणि तो फरक ओळखण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काका, काय झालं?"

"काही नाही. पोरकट गोष्ट आहे."

"पोरकट तर पोरकट. सांगा."

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून फोनवर पत्ते खेळायला लागलो. पोकर. लेकीनं शिकवला. नाव घेतलं खरपूस." ते किंचित हसले. "छान चाललं होतं. रोज कडेच्या आत बटण गाठायचं, हाच माझा खेळ. जिंकणं-हरणं दुय्यम. तिथं एक नाडीवैद्य म्हणून आहे..."

मास्तरांच्या हातात काकांचा हात होता. तो सोडावा की धरावा, कळेना.

"...तो रोज बोलायचा काहीबाही. मी म्हटलं, बोलू दे, दुकानात काय कमी टोणगे येतात? पण परवा डाव असा आला, मास्तर! माझ्याकडे बदाम एक्का, बदाम छक्की. मधे दोन बदाम. मी वाट बघतोय, वाट बघतोय, आणि शेवटी आला हो, बदाम राजा! माझ्यावर कुणीच नाही टेबलावर. आता बटण दाबायचं. तर अंगठा बसला हटून. एकदा गेली पाळी. मग त्यानं सगळंच लावलं. म्हटलं, देवा, एक टिचकी. फक्त एक. अंगठा निघाला होता. काचेच्या अगदी जवळ आला होता. पत्ता आला, पण बोट आलं नाही. थांब म्हणून लिहायला गेलो तर तेही अर्धंच गेलं. मग त्यानं लिहिलं..." काका थांबले. "जाऊ दे."

काय लिहिलं हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. मंडळी, अशा वेळी माणसानं काय करावं? पायांवर डोकं ठेवावं. मास्तरांनी काय केलं? त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "असतात असे लोक. लक्ष देऊ नका. नीच असतो एखादा."

"छे हो. नीच कशाला? खरं तेच बोलला. ज्याचे हात चालत नाहीत त्यानं पीठ तरी का धरावं?"

टोमणा मारला ते पाप फोनवरचं. पण हे "असतात असे लोक" तोंडावरचं, हातात हात घेऊन बोललेलं. त्या दिवशी घरी जाऊन मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "पोटात जरा गडबड आहे." गडबड पोटात नव्हती.

रात्र कशी गेली ती त्यांची त्यांना ठाऊक. सकाळी त्यांनी एक तोड काढली, भित्र्या माणसाची असते तशी, आडवाटेची. काकांच्या घरी फोन करून म्हणाले, "काका, माझ्यासाठी एवढा आठवडा खेळा. व्यायाम समजून. तो वैद्य पुन्हा काही बोलला तर मला सांगा." काकांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दाखातर."

दुपारी खरपूस टेबलावर आला. आणि नाडीवैद्य हरायला लागले. दोन एक्के हातात असताना पत्ते टाकले. झालेला फ्लश टाकून दिला. खरपूसनं कडेच्या शेवटी बटण गाठलं की यांना इकडे हुश्श व्हायचं. सुसाटनं विचारलं, "वैद्यबुवा, आज उपास का?" असंच रोज चाललं. आठवडा सरत आला तेव्हा मात्र खरपूसच्या चित्राकडे बघता बघता त्यांच्या बोटांनी आपोआप लिहिलं, "सावकाश खेळा काका. घाई नाही." लिहून झालं, गेलंही, आणि मास्तर तृप्त होऊन डब्याकडे वळले. आपण काय लिहिलंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या खुणा वाचल्या, ते स्वतःची खूण टेबलावर ठेवून जेवायला बसले.

ठरलेल्या दिवशी काका आले. लेकीला बाहेरच बसवलं आणि मास्तरांना म्हणाले, "दार लावा."

मास्तरांनी दार लावलं. काका खुंट्यांच्या पाटासमोर बसले. उजवा हात त्यांनी डाव्यानं उचलून टेबलावर ठेवला.

"मास्तर, त्या वैद्याला काय झालंय हो? आठवडाभर माझ्यापुढं पत्ते टाकतोय. एवढा तोंडाळ माणूस एका रात्रीत संत होतो का?"

"पश्चात्ताप झाला असेल."

"कशाचा? त्याला माझा हात कुठं ठाऊक? त्याच्या लेखी मी एक झोपाळू म्हातारा. झोपाळू म्हाताऱ्याची कुणी कीव करत नाही. कीव करायला माहीत असावं लागतं." काका सावकाश बोलत होते, पण एकही शब्द घरंगळत नव्हता. "त्या टेबलावर मी खेळतो हे ठाऊक असलेली माणसं दोन. एक बाहेर बसलीय. ती खेळली असती तर मला ओरडून ओरडून जिंकवलं असतं. शिवाय तो वैद्य फक्त दुपारी असतो, जेवणाच्या वेळेला. मागं तुम्ही रजेवर होतात म्हणून माझी खेप चुकली, त्या दिवशी तोही नव्हता. आणि काल त्यानं मला लिहिलं, घाई नाही." काकांनी वर पाहिलं. "माझा हात लुळा आहे, मास्तर. डोळे नाहीत."

आता पाळी मास्तरांची होती. खोलीत घड्याळ नव्हतं, हिरवी कड नव्हती, तरी काहीतरी वितळत होतं ते दोघांनाही कळत होतं. काका घाई करत नव्हते. ते नुसते बघत होते, जसे मास्तर रोज दुसऱ्यांकडे बघायचे. मास्तरांचं तोंड उघडलं, मिटलं.

"मीच," मास्तर म्हणाले. "ते सगळं मीच लिहिलं."

काकांनी टेबलावरचा हात डाव्यानं जरा मागं ओढला.

"मला माहीत नव्हतं की तुम्ही..."

"माहीत नव्हतं म्हणूनच लिहिलंत. माहीत असतं तर 'घाई नाही' म्हणाला असता." काकांचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. "मला त्याचं वाईट नाही वाटत हो, की कुणीतरी बोललं. मला याचं वाईट वाटतं की ते दोन शब्द मी उशाशी घेऊन झोपायचो. आता कळेना, तुमचे ते शब्द खरे की टेबलावरचे."

मास्तरांनी हात जोडले. "काका, दुसऱ्या मास्तरांकडे तुमचं नाव देतो. चांगले आहेत ते. मी तोंड दाखवायच्या लायकीचा..."

"हे बघा, पुन्हा पत्ते टाकताय." काका म्हणाले. "तुमची लाज तुमच्याकडे ठेवा, माझ्या हाताला तिचा उपयोग नाही. हात माझा आहे आणि दिवस सोन्याचे आहेत, असं तुम्हीच म्हणालात. मी इथंच येणार. फक्त एक करा. मला यापुढं 'घाई नाही' म्हणू नका. अंक मोजा. नुसते अंक. अंकांना खोटं बोलता येत नाही."

त्यांनी टेबलावरचा हात पुढं सरकवला. मास्तर खाली बसले. "एक," म्हणाले. अंगठा हलला. "दोन." अंगठा पहिल्या बोटावरून सरकून दुसऱ्या बोटाच्या टोकाशी आला, थरथरला, तिथं थांबला. "तीन" म्हणायचं होतं. मास्तरांची नजर त्या अंगठ्यावर अडली आणि मोजणं राहिलं. काका वाट बघत राहिले. शेवटी तेच हळू म्हणाले, "मोजा ना," आणि मास्तरांनी मोजलं.

त्यानंतर मास्तरांनी फोनमधला तो खेळ पुसून टाकला, पण तो पुसायला काय, एक टिचकी लागते. दुसरं काही पुसलं गेलं नाही. खोलीत 'घाई नाही' हे शब्द ओठांवर यायचे आणि तिथंच अडायचे. मग सगळ्यांसाठीच ते अंक मोजायला लागले. मावशीनं एकदा दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाली, "मास्तर, आजकाल फार हिशोबी झालात." मास्तर म्हणाले, "मावशी, तू मागं एक विचारलं होतंस. समोर कुणी नसतं तर लिहितो कुणाला, म्हणून." "मी? मला नाही बाई आठवत," मावशी म्हणाली आणि पाय वर घ्यायला लावून फरशी पुसून गेली.

काका येत राहिले. दारातून पूर्वीसारखी हाक कधी आली नाही. कामापुरतं बोलायचे, लेकीशी थट्टा करायचे, मास्तरांशी नाही. अंगठा तिसऱ्या बोटाला टेकला, मग करंगळीला. पूर्वीसारखा हात काही झाला नाही. पण एके दिवशी लेक एकटीच आली. म्हणाली, बाबा आता यायचे नाहीत, आज पहाटे पिठाला बसलेत, डावा हात मळतो आणि उजवा वरून दाब देतो. तिनं कागदात गुंडाळलेला एक पाव मास्तरांपुढं ठेवला. अजून गरम होता. "बाबांनी दिलाय. काही सांगा म्हटलं तर म्हणाले, काही सांगायचं नाही, नुसता दे."

ती गेल्यावर मास्तरांनी कागद उलगडला. पाव खरपूस भाजलेला. आणि वरच्या कवचावर, अगदी मधोमध, भाजण्याआधी दाबलेला एका अंगठ्याचा खोल ठसा.

मास्तर त्या ठशाकडे बघत बसले. ही क्षमा होती, का टोमणा? 'बघा, बोट आलं' असं म्हणणं होतं, की 'विसरू नका' असं? कडेच्या एका वितळण्यावरून माणसाच्या पोटातलं ओळखणाऱ्या मास्तरांना तो ठसा काही वाचता आला नाही. बोळातून पेशंटच्या खुर्चीचं चाक कुरकुरत आलं, तसा त्यांनी पाव पुन्हा कागदात गुंडाळला, नीट, दोन्ही हातांनी, आणि उठले.

आता एवढंच मागतो. मास्तरांना विसरलात तरी चालेल, ते स्वतःला विसरणार नाहीत. पण कधी दुकानात, खिडकीवर, फोनच्या पलीकडे कुणी उत्तर द्यायला उशीर करत असेल आणि तुमच्या जिभेवर काही तिखट आलं, तर क्षणभर त्या बेकरीवाल्या काकांची आठवण काढा. काचेच्या अगदी जवळ आलेल्या त्यांच्या अंगठ्याची. तो निघालेला होता हो.